प्रश्नचिन्हाचे पैसे नाहीत

चाँदपाशा पेंटरनं पाटी अक्षरावर रंगवली.
अक्षराला पंधरा रुपये, जोडाक्षराला पाच जास्त.
मी लिहून दिलं होतं: पुरावा काय?
जोडाक्षर नाही. पंच्याहत्तरात भागलं.
ब्रश पुसताना म्हणाला,
प्रश्नचिन्हाचे पैसे घेत नाय ताई,
ते आपल्याकडून.

तीच घेऊन उभी होते गंजगोलाईत,
सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात
आणि आपला कोणता ते पटकन कळत नाही.
एप्रिलचं ऊन. रंग अजून ओला,
अंगठ्याला लागलेला.

पुढं बिडवे सर, पांढऱ्या एप्रनमध्ये.
तो मीच काल धुऊन दिलेला,
खिशावरचा डाग सोडून. तो जात नाही.
मागं बीएस्सीची पोरं, एक डॉक्टरीणबाई,
रिटायर झालेले देवणीकर काका,
हातात पावसाच्या नोंदींची वही,
एकतीस वर्षांचे मिलिमीटर;
कुणाची तरी दोन शाळकरी मुलं, फुटाण्यांच्या पुडीसकट.
आणि मी, प्रयोगशाळा परिचर.
बावीस वर्षं परीक्षानळ्या धुते.

घोषणा जमेना.
पाणी द्या म्हणता येतं, भाव द्या म्हणता येतं,
अमुक साहेब आगे बढो, ते तर पाठच.
पण "आत्तापर्यंतच्या नोंदींवरून असं दिसतं"
हे मूठ आवळून कसं ओरडायचं?
एक पोरगा ओरडला, विज्ञानाचा!
बाकीचे सवयीनं, विजय असो!
मग सगळेच जरा लाजले.
भांड्याच्या दुकानातून एकानं विचारलं,
आज कोणाची जयंती हाय?

मी का आले ते सरांना सांगितलेलं नाही.

त्र्याण्णव साली नऊ वर्षांची होते.
किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव. होतं.
पत्र्याच्या शेडात राहायचो
आणि रोज कुणीतरी तारीख घेऊन यायचं.
अमावास्येला येणार. मंगळवारी येणार.
देवी कोपलीय, बोकड द्या, मग नाही येणार.
आई प्रत्येक तारखेची पदराला गाठ मारायची
आणि त्या त्या रात्री आम्ही बाहेर,
थंडीत, उशाला पातेली.

मग हैदराबादकडचा एक माणूस आला, पेटी घेऊन.
शाळेच्या ओट्यावर ठेवली. शाळा नव्हती, ओटा होता.
कागदावर सुई चालायची मुंगीवाणी.
आईनं विचारलं, साहेब, आता पुढचा कवा?
तो गप्प. चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला.
म्हणाला, नै मालूम अम्मा.
अभी किसी को बी नै मालूम.

एवढ्या लोकांत तो एकटाच,
ज्याला माहीत नव्हतं.
त्या रात्री आई शेडाच्या आत झोपली. मीही.
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

कलेक्टर कचेरीत साहेब मीटिंगला.
निवेदनावर आवकचा शिक्का पडला,
त्यावर कालची तारीख.
देवणीकर काकांनी ती बदलून घेतली,
बाबूचा चहा थंड होईस्तोवर.

बंदोबस्ताच्या हवालदारानं विचारलं,
किती जण होते?
सर म्हणाले, दोनशे धरा.
पेपरवाल्यालाही तेच सांगून झालं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, त्रेचाळीस.
मोजलेत मी. एकदा गोलाईत, एकदा इथं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं.
बावीस वर्षांत मी त्यांना
सांडलं, फुटलं, संपलं, एवढंच सांगत आले होते.
मग एप्रनची बटणं काढत म्हणाले,
लिहा. त्या म्हणतात तेच लिहा.

हवालदारानं दोनशे खोडलं.
पोरं वडापावच्या गाड्याकडं गेली.
मी पाटी बगलेत मारून फाटकापर्यंत आले
आणि तिथून परत फिरले,
जवळजवळ पळतच.

साहेब, चव्वेचाळीस करा.
मी मला धरलं नव्हतं.